थोरली काच

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या स्क्रीनमध्ये हॉल रिकामा झाला होता, आणि त्यात एक माणूस उरला होता. तिने मान वर करून पाहिलं. समोर हॉल गच्च भरलेला. तिकिटांच्या खिडक्यांपुढे रांगा, कुणी बॅग ओढतंय, कुणी पोराला ओढतंय, कुणी उभ्याउभ्या फोनवर भांडतंय. परत स्क्रीन पाहिली. तिथे नुसती फरशी, उंच खांब, छताच्या काचांतून उतरलेला उन्हाचा लांब पट्टा, आणि डाव्या हाताला अगदी शेवटच्या बाकड्यावर, खांबाच्या जरा आड, तो एकटा. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, डावा बूट उजव्या बुटावर चढवलेला. तिने बटण दाबून तेवढाच भाग मोठा केला. तोंड पुसट आलं होतं, चार मिनिटं श्वास घेत बसलेल्या माणसाचं येतं तसं. पण पिशवी स्वच्छ होती, आणि पिशवीचा पट्टा पिवळाधमक होता. तो पट्टा कॅमेऱ्याचा होता, जुना, टाकून दिलेला. तो त्या पिशवीला तिनेच शिवला होता, गेल्या महिन्यात, आईने चार वेळा सांगितल्यावर, तोंड वाकडं करून. आई म्हणाली होती, अगं पिवळा काय, शोभतो का तो? आणि बाबा आईलाच म्हणाले होते, असू दे, ऑफिसात कोण माझा पट्टा बघतंय.

बाबा यावेळी ऑफिसात असायला हवे होते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, लिफ्टच्या कंपनीत, तक्रारीच्या टेबलावर. लिफ्ट अडकली की फोन यायचा तो बाबांना. आत माणूस आहे का ते विचारायचं, असला तर मेकॅनिक पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं, त्याला घाबरू द्यायचं नाही. बावीस वर्षं हेच काम. अडकलेल्या माणसाला गप्पा मारायचा पगार मिळतो मला, असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि संध्याकाळी घरी आले की शर्टाची वरची दोन बटणं काढून, पाय वर घेऊन आईला त्या दिवसाचा किस्सा सांगायचे. परवाचाच. एक बाई, हातात टोपली, टोपलीत दोन मांजरं, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली. मांजरं आपसात भांडतायत, बाई मांजरांना झापतेय आणि मधेच बाबांना फोनवर म्हणतेय, तुम्हाला नाही हो, ह्या दोघींना बोलतेय. आई हसून हसून भिंतीला टेकली होती. ती स्वतः आतल्या खोलीत लेन्स पुसत होती, दाराकडे पाठ करून, तरी तिलाही हसू फुटलं होतं आणि तिने ते गिळलं होतं. बाबांच्या किस्स्यावर हसायचं नाही, हे तिचं दोन वर्षांपासून ठरलेलं होतं.

ती मास्तरांकडे कामाला होती. मास्तर म्हणजे फोटोग्राफर, पण शाळेत ज्यांना सर म्हणायला हवं होतं त्यांना तिने कधी धड म्हटलं नाही, आणि ह्यांना मात्र पहिल्या दिवसापासून मास्तर. मास्तर माणसांचे फोटो काढत नसत, फक्त इमारतींचे. माणूस कॅमेरा बघून खोटं हसतो, भिंत हसत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे एका चपट्या डबीत तीन गोल काळ्या काचा होत्या, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायच्या, कमी-जास्त काळ्या, आणि मास्तरांनी त्यांना घरातल्यासारखी नावं दिली होती. धाकटी, मधली, थोरली. धाकटी उजेड आठपट कमी करते, मधली चौसष्टपट, थोरली हजारपट. उजेड जितका कमी आत सोडायचा तितका जास्त वेळ शटर उघडं ठेवायचं, एवढंच सगळं गणित. त्या हॉलमध्ये, त्या उजेडात, धाकटीला दोन सेकंद लागत होते, तेवढ्यात चालणाऱ्या माणसांचे नुसते फराटे उमटतात. मधलीला सोळा सेकंद, म्हणजे माणसांची भुतं. आणि थोरलीला चार मिनिटं सोळा सेकंद. एवढ्या वेळात जो हलला, चालला, रांगेत पुढे सरकला, इकडून तिकडे गेला, तो उमटतच नाही. हजार माणसं समोरून गेली तरी फरशी कोरी. थोरली इतकी काळी की तिच्यातून डोळ्याला काही दिसत नाही. आधी फोकस करायचा, मग श्वास रोखून ती काच बसवायची, कॅमेऱ्याच्या मागच्या भोकावर काळं फडकं टाकायचं आणि आंधळ्यासारखं घड्याळाकडे बघत उभं राहायचं. गणितात तीन वेळा नापास झालेल्या मुलीला हे दुप्पट-चौपट तोंडपाठ होतं. ह्याबद्दल कुणाला सांगावं असं तिला कधीकधी फार वाटायचं, आणि सांगायला कुणी नसायचं.

हा हॉल म्हणजे बसच्या टर्मिनसचा जुना हॉल. कुठल्यातरी कंपनीला तिथे दुकानं काढायची होती, आणि त्यांच्या आर्किटेक्टला हॉलचे रिकामे फोटो हवे होते, त्यांच्यावर तो रेघा मारून दुकानं आखणार होता. हॉल बंद ठेवता येणार नव्हता. फोटोत मागाहून खाडाखोड केलेली चालणार नव्हती, तसं कागदावरच होतं, आणि मास्तरांना तर खाडाखोडीचा तिटकाराच होता. काढायचं ते जागेवर, घरी जाऊन पुसायचं ते काय काढलं, म्हणायचे. म्हणून थोरली. आणि नेमकी आज सकाळी मास्तरांची कंबर धरली. तिला फोन करून ते म्हणाले, जा तू एकटी, डोकं थंड ठेव, ऊन पट्ट्यात असेपर्यंत, म्हणजे तीनच्या आत, मला रिकामा हॉल आणून दे, फोटोखाली तुझं नाव घालतो. तुझं नाव. येताना बसमध्ये तिने ते नाव काचेवर बोटाने लिहून पाहिलं होतं, आणि शेजारची बाई बघायला लागल्यावर रागाने पुसून टाकलं होतं.

आणि आता सव्वाबारा वाजले होते आणि हॉल रिकामा होता आणि त्यात बाबा होते.

तिने नुसत्या डोळ्याने त्या बाकड्याकडे पाहायचा प्रयत्न केला. मधून माणसं जातच होती. एक जाड माणूस सरकला आणि पिवळं काहीतरी दिसलं, लगेच एक मोठी सुटकेस आडवी आली. सकाळपासून दोन तास ती इथे उभी होती आणि तिला ते दिसले नव्हते. वॉचमनकडून तिने बाकडी रिकामी करून घेतली होती, त्याने दोरी बांधून दिली होती, शिट्टी मारून लोकांना उठवलं होतं. तो जवळच होता, चहाचा कप हातात धरून, ट्रायपॉडला पाय लागू नये म्हणून लोकांना लांबून फिरवत.

"ते शेवटचं बाकडं राहिलं का हो काका?" तिने विचारलं. आवाज नेहमीसारखा निघाला ह्याचं तिला नवल वाटलं.

"ते होय? ते आपल्या साहेबांचं. राहू दे म्हटलं, गप बसून असतात, कुणाला नडत नाहीत."

"कोण साहेब?"

"नाव नाही बुवा विचारलं कधी. सात महिने झाले असतील. साडेनऊ म्हणजे साडेनऊ, तुमचं घड्याळ लावून घ्या. दीडला डबा. साडेपाचला सुट्टी. शनिवारी हाफ डे."

"आणि रविवारी?"

"रविवारी कसे येतील? ऑफिसला सुट्टी असते ना!" वॉचमन स्वतःच्याच विनोदावर खूश झाला, मग जरा ओशाळला. "चांगला माणूस आहे हो. परवा एक म्हातारी चुकीच्या बसमधून उतरली, रडत बसली इथे. तासभर तिच्याशी बोलत होते. आणि कसं बोलत होते माहितीय? घाबरू नका, हवा भरपूर आहे, आमचा माणूस निघालाय. मी म्हटलं, कुणाचा माणूस? पण म्हातारी राहिली की हो गप."

तेवढ्यात तिच्या समोरून एक बाई गेली. हातात झाकणाची टोपली, आणि टोपलीतून दोन वेगवेगळ्या आवाजांत गुरगुर. बाई टोपलीला म्हणत होती, पुरे आता, शोभतं का दोघींना. वॉचमन म्हणाला, ह्या मांजरवाल्या, दर आठवड्याला जनावरांच्या डॉक्टरकडे. टोपली गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली. म्हणजे किस्स्यांतले सगळेच. शिडी घेऊन अडकलेला रंगारी, आरशाला टेकून झोपलेला पोस्टमन, जुळ्या बहिणींपैकी एकच आत अडकली ती. आई ज्यांच्यावर हसली ती सगळी माणसं ह्या हॉलमधून चालत गेली होती आणि बाबांनी बाकड्यावर बसून, एकेकाला उचलून, लिफ्टमध्ये घातलं होतं. रोज एक. शनिवारी सुद्धा एक.

मग राग आला. तिचा राग असाच यायचा, उशिरा, पण आला की सगळं घेऊन. दहावीच्या वर्षी तिने मुख्याध्यापिकेच्या टेबलावर वह्या आपटल्या होत्या आणि परत शाळेत पाऊल टाकलं नव्हतं, पण घरी सांगायची हिंमत झाली नव्हती. सहा आठवडे ती युनिफॉर्म घालून, दप्तर भरून, वेण्या घालून वेळेवर निघायची आणि पाण्याच्या टाकीमागच्या बागेत जाऊन बसायची. दिवस किती लांब असतो हे तिला तिथे कळलं. दहा वाजता वाटायचं बारा वाजले. माळी आला की ती पुस्तक उघडायची. डबा ठरल्या वेळीच खायची, आधी खाल्ला तर मागचा वेळ अंगावर येतो म्हणून. आणि एका शनिवारी हाफ डे झाल्यावर बाबा त्या बाजूने आले आणि त्यांनी तिला पाहिलं. ते काही बोलले असते, मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी तिच्या दप्तराचा पट्टा धरला आणि तिला तशी धरून, गुरासारखी, भर रस्त्यातून घरी नेली. औषधांचं दुकान, किराणावाला, इस्त्रीवाला, प्रत्येकापाशी थांबून, मोठ्यांदा. "विचारा हिला! शाळा कुठे भरते हिची, विचारा!" इस्त्रीवाला गरम इस्त्री हातात धरून हसला होता. ते हसू आणि जळक्या कापडाचा वास, ह्या दोन वर्षांत एकही दिवस असा गेला नव्हता की ते तिला आठवलं नाही. तेव्हापासून घरात बोलणं आईच्या तर्फे. त्यांना सांग मी उशिरा येणार आहे. तिला सांग दार लावून घे. तिने कॅमेरा धरला, मास्तरांकडे लागली, बाबांनी एकदाही विचारलं नाही की तू तिथे करतेस काय. आणि तिनेही सांगितलं नाही.

आता तिच्याकडे वाक्य तयार होतं. दोन वर्षं जिभेखाली ठेवल्यासारखं, फक्त एक शब्द बदलायचा होता. विचारा ह्यांना, ऑफिस कुठे भरतं ह्यांचं. हॉल घुमणारा होता, रांगेतली सगळी डोकी वळली असती. तिने ते मनात म्हणून पाहिलं आणि इतकं गोड लागलं की तिची तिलाच भीती वाटली.

फोन वाजला. मास्तर जमिनीवर आडवे पडून बोलत होते, आवाज चपटा येत होता. "आला का हॉल?"

"आला. एक माणूस राहिलाय त्यात."

"हलत नाही?"

"नाही."

"जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग उठव की त्याला. बाई, दोन गोड शब्द बोल, येत असतील तर."

"मधली लावून बघू का? गर्दीत मिसळून जाईल."

"मधलीला भुतं येतात. त्यांना हॉल पाहिजे, झपाटलेला हॉल नको. थोरलीच लाव, आणि त्याला उठव. तीनच्या आत. आई गं." शेवटचं कंबरेला होतं. फोन बंद झाला.

तरी तिने मधली लावली. कापडाने पुसून थोरली डबीत ठेवली. सोळा सेकंद. स्क्रीनवर हॉल धुराने भरल्यासारखा आला. अर्धीमुर्धी माणसं, कुणाचे नुसते पाय, कुणाची नुसती बॅग. त्या धुरामागे बाकड्यावर एक गडद डाग होता, वर पिवळी रेघ. ज्याला माहीत नाही त्याला तो खांबाची सावली वाटला असता. मग धाकटी. दोन सेकंद. माणसं नदीसारखी एकमेकांत वाहत गेलेली, आणि बाकडं त्या नदीखाली पार बुडालेलं. बाबा नाहीतच. तिला एकदम सुटल्यासारखं झालं. धाकटीत बाबा ऑफिसात होते. मधलीत कदाचित होते, कदाचित नव्हते. थोरलीत इथे होते. तिन्ही काचा डबीत आपापल्या खाचेत बसल्या होत्या आणि कुठली उचलायची ते तिच्या हातात होतं. धाकटीचा फोटो घेऊन जायचं, मास्तरांना सांगायचं, ऊन गेलं, जमलं नाही. मास्तर दोन दिवस बोलणार नाहीत, नाव जाईल, पुढचं काम कदाचित येणारच नाही. पण संध्याकाळी बाबा शर्टाची बटणं काढतील, आई भिंतीला टेकेल. मांजरवालीनंतर उद्या कोण? कदाचित ट्रायपॉड घेतलेली एक मुलगी, लिफ्टमध्ये अडकलेली, आणि फार चिडलेली.

पण मग आपण इथे आहोत हे त्यांना माहीत आहे. हे तिच्या डोक्यात इतक्या उशिरा आलं की तिने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. ते साडेनऊपासून इथे. ती साडेदहाला आली, दारातून, हा एवढा ट्रायपॉड खांद्यावर घेऊन. बाहेर जायचं दार एकच, तिच्या पाठीमागचं. बसच्या बाजूला सोडायला तिकीट लागतं.

"आज साहेबांचं काही ठीक दिसत नाही," वॉचमन परत येऊन म्हणाला. त्याने चहाचा कप चुरगळून खिशात घातला होता. "दोन वाजत आले, डबाच उघडला नाही. कधी असं होत नाही. तुम्हाला ते फोटोत नको असतील तर मी उठवतो, त्यात काय." आणि त्याने सवयीने गळ्यातली शिट्टी हातात घेतली.

डबा उघडला नाही, कारण डबा उघडायला हात हलवावा लागतो.

ती चार-पाच वर्षांची असताना त्यांच्या दोन खोल्यांत लपायला जागा नव्हती. एक दार, एक पडदा, एक कपाट. तरी बाबा तिला सापडायचे नाहीत. पडद्यामागे त्यांचे बूट दिसायचे, डावा उजव्यावर चढवलेला, आणि ती समोरून तीनदा जायची आणि तिला ते बूट नुसते बूट वाटायचे. हरून ती रडायला लागली की ते बाहेर यायचे आणि कानात सांगायचे, गुपित सांगू? हलायचं नाही. हललं की माणूस दिसतं. श्वाससुद्धा पोटात घ्यायचा. साडेतीन तास बाबा तिच्यापासून तसे लपले होते. ती जगातली सगळी हलणारी माणसं पुसून टाकणारी काच घेऊन समोर उभी होती आणि ते हलत नव्हते. एकदा जरी त्यांनी विचारलं असतं, काय करतेस गं तिकडे? एकदा जरी तिने आपणहून सांगितलं असतं, थोरली अशी असते म्हणून. तर आज ते नुसते उठून चार पावलं चालले असते आणि सुटले असते.

"नको काका," ती म्हणाली. "शिट्टी नको. मी बघते."

कॅमेऱ्यापाशी वॉचमनला उभं करून ती हॉलमध्ये शिरली. वाक्य अजून तोंडात होतं. ते काही गेलं नव्हतं, राग असा सांगून जात नाही. रांगांच्या मधून, बॅगा ओलांडत, ती जवळ जवळ गेली आणि बाबा समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. डोळेसुद्धा हलवले नाहीत. ते बारीक दिसत होते. घरात रोज दिसतात त्यापेक्षा बारीक, किंवा घरात ती बघतच नव्हती. दाढी नीट केलेली, बूट पॉलिश केलेले, कानामागे दाढीचा जरासा फेस वाळून राहिलेला. ती शेजारी बसली. बाकडं करकरलं. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"हललात तरी चालेल आता," ती म्हणाली.

बाबांनी छातीतला सगळा श्वास सोडला. मग विचारलं, "कधी दिसलो?"

"सव्वाबाराला."

"मी तर हललोपण नाही."

"म्हणून तर दिसलात."

आणि मग तिने सांगितलं. भिंतीकडे बघतच, आधी तुटक, मग भराभर. तीन काचा, आठपट, चौसष्टपट, हजारपट, दोन सेकंद, सोळा सेकंद, चार मिनिटं सोळा सेकंद. बाबा ऐकत होते. फोनवर अडकलेल्या माणसाचं ऐकतात तसं, मधे न तोडता, फक्त मधेच हुं. "म्हणजे चालणारे सगळे गायब?" "सगळे." "आणि थांबलाय तो सापडला." "हो." बाबांच्या खांद्यांना हिसका बसला. तिला वाटलं रडतायत. ते हसत होते, आवाज न करता, आणि हसताना त्यांनी चष्मा काढला आणि चष्मा काढल्यावर ते हसणं कुठे संपलं ते कळलं नाही.

"तक्रारी आता मशीनच घेतं," ते म्हणाले. "एक दाबा, दोन दाबा. माणूस आत अडकलाय आणि ते त्याला सांगतं, तीन दाबा. सात महिने झाले. पहिल्या दिवशी वाटलं, आज सांगू. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, कालचा किस्सा राहिला. मग सांगितला एक. काढताना त्यांनी पैसे दिले होते, त्यातूनच दर महिन्याला पगार म्हणून देतोय घरी." त्यांनी पिशवीवरून हात फिरवला. "मघाशी वाटलं तिकीट काढावं आणि जाईल तिकडे जावं. पण खिडकीपर्यंत जायला हलावं लागलं असतं."

तिला ती बाग आठवली. दहाचे बारा न होणं. माळी आल्यावर उघडलेलं पुस्तक. हे असं कसं वाटतं ते ह्या हॉलमध्ये फक्त दोघांना माहीत होतं, आणि ती दोघं एका बाकड्यावर बसली होती. वाक्य तिच्या तोंडात होतं तिथेच होतं, पण त्याची चव गेली होती.

"तुझ्यासारखंच केलं बघ मी," बाबा म्हणाले. "फक्त मला कुणी पट्टा धरून नेलं नाही." मग म्हणाले, "तसं न्यायला नको होतं."

दोन वर्षं तिला हे ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर काय करायचं ते तिने ठरवलंच नव्हतं.

"डबा खा आधी," ती म्हणाली. "भराभर. मग मला चार मिनिटं सोळा सेकंद पाहिजेत. पिशवी माझ्याकडे द्या, ती बाकड्यावर राहिली तर उमटेल. तुम्ही नुसतं चालायचं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. थांबायचं नाही, वाकायचं नाही, ओळखीचं कुणी भेटलं तरी बोलायचं नाही. मी सांगेपर्यंत."

"सावकाश चाललो तर?"

"सावकाश चाला, पण चाला."

बाबांनी डबा खाल्ला. निम्मा तिच्यापुढे केला, तिने दोन घास घेतले. मग ते उठले, गुडघे कडकड वाजले, आणि पिशवी न घेता उभे राहिल्यावर हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मागे बांधले. ती कॅमेऱ्याकडे परत आली. फोकस तपासला. डबीतून थोरली काढली, फुंकर मारली, फिरवत बसवली, मागे फडकं टाकलं. ऊन अजून पट्ट्यात होतं. शटर उघडलं. घड्याळाच्या काट्याकडे बघायचं सोडून ती बाबांकडे बघत राहिली. ते गर्दीतून चालत होते, हात मागे, मान जरा पुढे, रांगेला वळसा घालून, खांबाला वळसा घालून. मांजरवाली परत आली होती, ती त्यांना बघून हसली, तर ते बिचारे न हसता पुढे गेले, सांगितलं होतं म्हणून. पिवळा पट्टा तिच्या स्वतःच्या खांद्यावर होता. चार मिनिटांत त्यांच्या किती फेऱ्या झाल्या ते तिने मोजलं, नऊ, आणि तिच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ सलग बाबांकडे कधीच बघितलेलं नाही.

शटर मिटलं. स्क्रीनवर हॉल आला. फरशी, खांब, उन्हाचा पट्टा, शेवटचं बाकडं, रिकामं. कुणी नाही. तिने तो मास्तरांना पाठवला. त्यांचा फोन लगेच आला. "वा गं वा! चिटपाखरू नाही. उठवलंस ना त्याला?" ती म्हणाली, "उठले ते." "नावाचं स्पेलिंग सांगून ठेव मला," मास्तर म्हणाले आणि परत आई गं.

तिने वर पाहिलं. बाबा चालतच होते. कपाळाला रुमाल लावत, बारावी का तेरावी फेरी, खांबाला वळसा घालून. तिने थांबा म्हणून सांगितलंच नव्हतं.

"बाबा!" ती ओरडली. हॉल घुमला, रांगेतली चार डोकी वळली. "बाबा, झालं. या इकडे."

वॉचमनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग परत तिच्याकडे, आणि शिट्टी शर्टाच्या आत टाकून तो उगाचच दोरी सोडायला निघून गेला.

बाबांनी स्क्रीनवर वाकून रिकामा हॉल बघितला. खूप वेळ. "कुठे होतो मी ह्यात?" तिने बोट ठेवलं. इथे, मग इथून असे, मग इथे, हे सगळं तुम्हीच. ते म्हणाले, "कुठेच दिसत नाही." ती म्हणाली, "मला दिसलात." मग तिने मागचा, सव्वाबाराचा फोटो स्क्रीनवर आणून दाखवला. त्याच्याकडे त्यांनी तेवढाच वेळ पाहिलं आणि फक्त एवढं म्हणाले, "पट्टा उठून दिसतो, नाही?"

"आज साडेपाचपर्यंत नाही बसायचं," ती ट्रायपॉडचे पाय मिटवत म्हणाली. "आज हाफ डे."

ट्रायपॉड बाबांनी खांद्यावर घेतला, हट्टाने, उलटा. ती पुढे, ते मागे, असे बसमधून उतरून घराच्या रस्त्याला लागले. औषधांचं दुकान. किराणावाला. ती आपोआप जोरात चालायला लागली, ह्या रस्त्याला तिची पावलं नेहमीच जोरात पडायची. इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी तोच वास, आणि तोच माणूस, हातात इस्त्री, भुवया वर. "काय साहेब, आज लवकर? आणि बापलेक बरोबर! सूर्य कुठे उगवला? कुठनं येताय?"

बाबा थांबले. ट्रायपॉडखाली त्यांचा चेहरा काहीच करत नव्हता, पडद्यामागच्या बुटांसारखा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ती काय म्हणेल ते ऐकायला मात्र ते उभे होते, आणि जे म्हणेल ते घ्यायला तयार होते, हे तिला त्यांच्या मानेवरून कळलं. वाक्य होतं. जागा तीच होती.

"कामावरून," ती म्हणाली. "दोघं एकाच ठिकाणी होतो आज. आणि तुमच्या इस्त्रीखाली कुणाचा तरी शर्ट जळतोय, तिकडे बघा."

इस्त्रीवाल्याने दचकून इस्त्री उचलली. ती दोघं पुढे गेली. जिन्याशी आल्यावर बाबा खालच्या पायरीवर उभे राहिले. वरून भांड्यांचा आवाज येत होता, आई घरात होती. त्यांनी ट्रायपॉड खाली ठेवला, शर्ट झटकला, कानामागे हात नेऊन काहीतरी पुसलं.

"मी सांगतो तिला. आत्ताच. तू मधे काही बोलू नकोस," ते म्हणाले. "पण जाऊ नकोस कुठे."

"मी तुमच्या बाजूलाच बसते," ती म्हणाली. "हलणारपण नाही."